ओळख दाखवू नका

भागवतचा एक शर्ट होता, त्याला घरात ‘पाहण्याचा शर्ट’ म्हणत. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा. आई कस्तुराबाई तो डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवायची आणि नात्यातल्या, स्थळं आणणाऱ्या किशनरावांचा फोन आला की बाहेर काढून गॅलरीतल्या दोरीवर वाऱ्याला टाकायची. दोरीवर तो शर्ट दिसला की अख्ख्या आळीला कळायचं, भागवत उद्या मुलगी पाहायला चालला. शर्ट शिवला तेव्हा तो ऐन तिशीत होता. आता कॉलर विरली होती, पोटावरचं बटण ताणत होतं, आणि गोळ्यांचा वास काही केल्या जात नव्हता. दुसरा शिवायचं कुणाच्या मनात आलं नाही असं नव्हे. पण नवीन शर्ट शिवायचा म्हणजे अजून बरेच दिवस हे चालणार असं कबूल करण्यासारखं होतं, म्हणून मायलेकांनी तो विषयच काढला नव्हता.

माणसात खोट काढायला जागा नव्हती. जिंतूरला बी.ए. करत असताना वडील गेले आणि तो चारठाण्याला परत आला तो आलाच. काळी जमीन, विहिरीला बारमाही पाणी, कुणाचं देणं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न त्यानं हौसेनं करून दिलं. गावात कुणाची पाण्याची मोटर बंद पडली की पहिली हाक त्यालाच. स्वतःचा नंबर लागला तोवर मात्र जमाना फिरला होता. जन्मभर रानात राबलेला बाप मुलीसाठी शेतकरी नको म्हणू लागला. रागही कसा धरावा? रान म्हणजे काय ते त्या बापाला कुणी सांगायची गरज नव्हती. पुण्यात आठ बाय दहाच्या खोलीत राहून कुठल्याशा कंपनीच्या गेटवर उभा राहणारा पोरगा चालायचा, पण विहीरवाला भागवत चालत नव्हता.

मायलेकांचा दिवस ठरलेला. दुपारी तो रानातून आला की कस्तुराबाई म्हणायची, “आलाव का?” आणि चूल पेटवल्यासारखी घाईघाईनं गॅस पेटवायची. चहा एकच कप व्हायचा. तिला पुरा कप झेपत नव्हता आणि त्याला एकट्यानं चहा घ्यायची सवय नव्हती. वडील होते तेव्हा वडील आणि तो, रानातल्या आखाड्यावर कुणी आलं तर तो माणूस आणि तो. एकात दोन. त्याची रीत ठरलेली होती, जो ओततो त्यानं बशी घ्यायची आणि कप समोरच्याला द्यायचा. कप द्यायचा तो मान म्हणून. कस्तुराबाई कप दोन्ही हातांनी धरायची, आणि गेल्या वर्षापासून तिचे ते दोन्ही हात कापू लागले होते. ते पाहिलं की भागवतला पुढचं दिसायचं. आई गेली की ‘आलाव का’ म्हणणारं घरात कुणी उरणार नव्हतं. त्याला लग्न हवं होतं ते एवढ्यासाठीच. बाकीच्या हौशी कधीच्या विरून गेल्या होत्या, त्या कॉलरीसारख्या.

पूर्वी बघण्याचे कार्यक्रम मुलीच्या घरी होत. पोहे, चहा, खाली बघणारी मुलगी, आणि पडद्याआडून खिदळणाऱ्या तिच्या चुलत बहिणी. नकार आला तर मुलीची गल्लीभर चर्चा. मग लोकांनी शक्कल काढली. आधी मुलामुलीला परभणीत कॅफेत भेटू द्या, जमलं तर घरी या. नाही जमलं तर कुणाला कळायचा प्रश्नच नाही, दोन अनोळखी माणसं कॉफी पिऊन आपापल्या वाटेनं गेली. शक्कल चांगली होती. फक्त ज्याला पुन्हा पुन्हा कॉफी प्यावी लागते त्याचा विचार कुणी केला नव्हता.

वसमत रोडला, कृषी विद्यापीठाकडं जाताना आतल्या गल्लीत ‘ओसरी’ नावाचा कॅफे होता. राजेश्री नावाच्या चाळिशीतल्या बाईनं आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तो काढला होता. चार टेबलं, तिनंच शिवलेले फुलांचे पडदे, भिंतीवर बारक्या दिव्यांची माळ, दारात तुळस. विद्यापीठाची पोरं-पोरी तिथं तास न् तास बसत आणि ती कुणाला उठा म्हणत नसे. तिला माणसं लक्षात राहायची. कुणाला साखर कमी, कुणाचा पेपर अवघड गेला, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं. एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा आला की ती त्याचं नावानं स्वागत करायची. गिऱ्हाइकाला आणखी काय पाहिजे असतं? ‘ओसरी’ चालत होती ती राजेश्रीच्या या गुणावर, आणि भागवतचं नुकसान झालं तेही त्याच गुणानं.

झालं असं की तो तिथं तिसऱ्यांदा आला होता. समोर मानवतची एक हसरी मुलगी. बोलणं बरं चाललं होतं. तेवढ्यात राजेश्री मनापासून हसत आली आणि म्हणाली, “भागवतभाऊ, तुमचं नेहमीचंच टेबल घेतलंत, बरं केलं. मॅडमला कोल्ड कॉफी आन् तुमाला कमी दुधाची, मागच्या बारीसारखंच ना?” मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. मग तिनं फोन काढला आणि शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. नकाराचं कारण किशनरावांनी दोन दिवसांनी कळवलं. मुलगा सारखा मुली फिरवतो म्हणे.

मुली फिरवतो! आयुष्यात बहिणीशिवाय कुणाला गाडीवर मागं न बसवलेला माणूस.

पुढच्या खेपेला बाजाराच्या कामानं परभणीला आला तेव्हा तो एकटाच ‘ओसरी’त गेला आणि काउंटरपाशी उभा राहून, तुळशीकडं बघत म्हणाला, “ताई, एक सांगू का. राग मानू नका. मी कुणासंगं आलो तर मला ओळख दाखवू नका.”

 राजेश्रीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. “माझ्यानं झालं का ते?” तिनं विचारलं. तो म्हणाला, “न्हाई हो, व्हायचंच होतं ते.” तेव्हापासून तो एकटा आला की ती त्याला भागवतभाऊ म्हणायची, आईचं विचारायची, बसा म्हणायची. सोबत मुलगी असली की ‘सर’. “काय घेणार सर?” इतकं कोरडं, की त्यालाच कधी कधी वाटायचं, खरंच आपण इथं पहिल्यांदा आलोय. मुलींना तो तसं सांगायचाही. बहुतेकींचा दुसरा-तिसरा प्रश्न तोच असायचा, इथं नेहमी येता का? तो म्हणायचा, पहिल्यांदाच. शेती किती, आई सोबतच राहणार का, गावात नेटवर्क येतं का, पुढंमागं शहरात यायचा विचार आहे का, याही प्रश्नांची उत्तरं त्याला पाठ झाली होती. एकीनं काहीच विचारलं नाही, नुसती रडली. तिचं दुसरीकडं मन होतं. तिला त्यानं रिक्षा करून स्टँडवर सोडलं आणि घरी येऊन आईला सांगितलं की मुलगी आपल्याला पसंत नाही. कस्तुराबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तर फेब्रुवारीत किशनरावांचा फोन आला. “भागवत, ह्या येळंला मुलगी शिकलेली हाय. सेलूला खासगी शाळेवर शिकवती. भावाच्या शिक्षणापायी तिचं राहून गेलं. आन् शेतकरी चालंल म्हणायलीय. आता तू तोंड पाडून बसू नको.”

“कुठली?” भागवतनं विचारलं.

“देवगाव फाट्याची.”

देवगाव फाटा म्हणजे चारठाण्याच्या बोटावर. गाडीला किक मारली की आलाच. भागवत म्हणाला, मग फाट्यावरच चहा घेऊ की. किशनराव फोनवरच ओरडले, “अरे, फाट्यावर सगळी आपलीच माणसं, तिथं बसलाव तर सांजच्याला दोन्ही गावात वाजंत्री! मुलीनंच जागा सांगितली, परभणीत ती ‘ओसरी’ का काय हाय तिथं.”

म्हणजे एकमेकांच्या शेजारी राहणारी दोन माणसं निम्मा जिल्हा ओलांडून, धूळ खात, तोंड बघायला परभणीला जाणार. भागवतला हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही. ‘ओसरी’चं नाव ऐकून तर त्याचे खांदेच पडले. तिथं नको म्हणावं तर कारण काय सांगणार?

त्या रात्री त्यानं आईला स्पष्ट सांगून टाकलं, ही शेवटची. ही नाही जमली तर किशनमामाला आता थांबा म्हणून सांगायचं. आपण बेजार झालो. कस्तुराबाईनं वाद घातला नाही. तिनं शर्टाचं ताणलेलं बटण पुन्हा घट्ट शिवलं आणि दोरा दातानं तोडला.

दिवस तरी धड यावा. वीज रात्रपाळीची, गव्हाला पाणी देता देता उजाडलेलं. अंघोळ करून, निळा शर्ट घालून तो निघाला तेव्हा डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होत होतं. जिंतूरला एकदा आणि पुढं एकदा थांबून त्यानं तोंडावर पाणी मारलं. ‘ओसरी’त पोचला तर विजयमाला आधीच आली होती. तिला सोडायला आलेला भाऊ समोरच्या रसवंतीवर जाऊन बसला होता. ती नेमकी त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती.

तिशी ओलांडलेली, सावळी, बारीक काठाची साडी, केस घट्ट बांधलेले. हसली नाही, पण तोंडही वाकडं केलं नाही. “ऊन लागलं का?” एवढंच तिनं विचारलं. भागवत म्हणाला, “न्हाई, सवय हाय.” मग दोघंही पडद्यावरची फुलं बघू लागले.

राजेश्री आली. आज ती जरा जास्तच अनोळखी वागत होती. दोघांच्या मधोमध, भिंतीकडं बघत तिनं विचारलं, “काय घेणार?” विजयमाला म्हणाली, कोल्ड कॉफी. भागवतला सगळं पाठ होतं, कमी दुधाची कॉफी म्हणायचं, पण थकलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच निघतं. तो म्हणाला, “चहा.”

तिथं चहा मिळत नव्हता. पाटीवर तसं लिहिलेलंही होतं. राजेश्रीनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, लाल डोळे बघितले, आणि अनोळखीपणा जरा सुटल्यासारखी म्हणाली, “घरातला ठेवते. चालंल?”

विजयमालाची कॉफी आली, बिनबर्फाची. बर्फ संपला असेल, भागवतच्या मनात आलं. विजयमालानं काही तक्रार केली नाही. मग चहा आला, आतल्या स्वयंपाकघरातल्या कपबशीत. या टेबलावर एवढ्या दिवसांत त्यानं बशी पहिल्यांदाच पाहिली. आल्याचा वास आला आणि त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मान सैल झाली. विजयमाला शाळेतल्या पोरांबद्दल काहीतरी सांगत होती, तो ऐकत होता, हुं हुं म्हणत होता, आणि त्याच्या हातांनी आपलं काम केलं. निम्मा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडं घेतली आणि कप तिच्यापुढं सरकवला.

सरकवला आणि मग त्याला कळलं, काय केलं ते.

समोर तिची कॉफी भरलेली. पहिलीच भेट. परकी बाई, शाळेवरची मॅडम, आणि ह्यानं आपला चहा तिच्यापुढं ठेवला, जसा काही हा तिचा जन्माचा कुणी लागत होता. कान तापले. कप परत ओढावा तर ते आणखी वाईट दिसणार, आणि तसाच राहू द्यावा तर त्याला काय अर्थ? मागच्या टेबलावरच्या दोन पोरी बघायला लागल्या होत्या. काउंटरमागं राजेश्रीनं पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसायला घेतला. गेलं, भागवतच्या मनात आलं. गेलं हेही. आता आईला काय सांगायचं, याचा तो विचार करू लागला.

विजयमाला त्या कपाकडं बघत होती. मग तिनं कॉफीचा ग्लास बाजूला केला.

“बशी इकडं द्या,” ती म्हणाली. “कप तुमी घ्या. मला ऊन-ऊन जमत न्हाई, तोंड भाजतं.”

आणि त्या सजवलेल्या कॅफेत, दिव्यांच्या माळेखाली, विजयमाला मॅडमनी बशी दोन्ही हातांत धरली, फुंकर मारली आणि आवाज करत चहा प्यायला. मागच्या पोरी खुसुखुसु हसल्या. तिनं नुसतं वळून पाहिलं, वर्गात बघतात तसं, आणि त्या पुस्तकात डोकं घालून बसल्या.

भागवत कप हातात धरून बसून राहिला. कपाचा मान त्याच्याकडं आला होता आणि त्याचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात तिनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, “इथं नेहमी येता का?”

आला तो प्रश्न. उत्तर जिभेवर तयार होतं. एक शब्द, पहिल्यांदाच, आणि पुढं सगळं सुरळीत. निदान घरी जाईपर्यंत तरी. पण रात्रभर पाण्यात उभं राहून पाय दुखत होते, ती समोर आपला चहा पिऊन बसली होती, आणि तिला खोटं सांगायचं म्हणजे अंगात ताकद लागते, ती आज त्याच्यापाशी नव्हती.

“लय येळा आलो,” तो म्हणाला. “ह्याच टेबलावर. दर बारीला समोर येगळी मुलगी. एकदा त्या ताईनं नावानं हाक मारली तर सोयरीक मोडली. तवापासून त्यांना सांगून ठेवलंय, ओळख दाखवू नका म्हणून. म्हणून कुणी समोर असलं की त्या मला सर म्हणतात. मी सर-बिर न्हाई. मी भागवत. आन् खरं सांगतो, मला आता कट्टाळा आलाय.”

बोलून झालं आणि त्यानं कपातला चहा एका घोटात संपवला. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, लपवण्यासारखंही नव्हतं.

 विजयमाला बशीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. बाहेर तिच्या भावानं गाडीचा हॉर्न वाजवला. ती उठली, पदर सारखा केला, पिशवी खांद्याला लावली. भागवतही उठणार होता, रीतीप्रमाणं ‘बरं, कळवतो’ म्हणायला. ती दाराकडं गेली नाही. काउंटरपाशी गेली.

“ताई,” ती म्हणाली, आणि आवाज अजिबात बारीक केला नाही, “मी पण तुमाला तेच सांगून ठेवलं होतं ना, कुणासंगं आले तर मला ओळख दाखवू नका म्हणून?”

राजेश्रीच्या हातातला ग्लास काउंटरवर टेकला. “सांगितलं होतं, मॅडम.”

“आता दाखवली तरी चालंल. दोघांनाबी.”

राजेश्री मागच्या स्टुलावर मटकन बसली. “आगं बाई,” ती म्हणाली, “तुमी दोघांनी मिळून मला बेजार केलंव! एकीकडं हे, एकीकडं तुमी, कुणाकडं बघावं? मघापासून मी भिंतीकडं बघायले. आन् तरी हात ऐकंना. बर्फ चालत न्हाई तुमाला, म्हणून बर्फ न टाकताच आणली की मी कॉफी!”

विजयमाला हसली. पहिल्यांदाच. दाराशी जाऊन तिनं भावाला हातानं खूण केली, थांब म्हणून, आणि परत येऊन खुर्चीवर बसली. पिशवी मात्र तिनं खांद्यावरून काढून खाली ठेवली.

भागवतला काहीतरी बोलायचं होतं. तिचेही किती दिवस या टेबलाशी गेले असतील, कोण कोण येऊन कोरडं बोलून उठून गेलं असेल, ते त्याला विचारायचं होतं. पण इतक्या वर्षांचा सगळा शीण नेमका आत्ताच अंगावर आला होता, आणि डोळे भरून आले तर ते जागरणानं लाल झालेत असंच दिसेल, एवढाच त्याला आधार होता.

“भागवतभाऊ,” राजेश्रीनं काउंटरवरून मोठ्यानं हाक मारली, मुलगी समोर असताना, नाव घेऊन. “आजून चहा ठेवू का? किती ठेवू, दोन?”

त्यानं विजयमालाकडं बघितलं. ती रिकामी बशी पुढं सरकवत होती.

“एकच ठेवा, ताई,” भागवत म्हणाला. “पण बशी जरा मोठी बघा.”